चार मिनिटांचा वाद : एका जुन्या झोंबी विनोदपटाचे घरगुती पुनर्दर्शन

पार्श्वभूमी

बेळगावातील एका मराठी वाचनालयाचे काही सभासद दर महिन्याला एकत्र बसून एखादा चित्रपट पाहतात आणि नंतर त्यावर चर्चा करतात. या गटाची नोंदणी नाही, त्याला वर्गणीही नाही. जो काही खर्च होतो तो सभासद आपसांत वाटून घेतात. गटात एक निवृत्त बँक अधिकारी, महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारे एक प्राध्यापक, निपाणीहून येणारे तंबाखूचे एक व्यापारी, गायनाच्या बैठकींत पेटीची साथ करणारे एक गृहस्थ, कन्नड माध्यमाच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक शिक्षिका आणि अभियांत्रिकीचे काही विद्यार्थी आहेत. संयोजनाचे काम प्राध्यापक पाहतात. प्रस्तुत लेखक या चर्चांना उपस्थित असे, मात्र निर्णय घेणाऱ्यांत तो नव्हता. व्यक्ती, वाचनालय आणि दुकान यांची नावे येथे गाळली आहेत व ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

गटाने पुन्हा पाहायचे ठरवलेला चित्रपट म्हणजे १९८५ साली अमेरिकेत प्रदर्शित झालेला ‘द रिटर्न ऑफ द लिव्हिंग डेड’. ‘एलियन’ची पटकथा लिहिणाऱ्या डॅन ओबॅनन यांचे दिग्दर्शक म्हणून हे पहिलेच काम. जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८ च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’चे सहलेखक जॉन रुसो यांच्याकडून या शीर्षकाची परंपरा आली, रोमेरो यांचा स्वतःचा ‘डे ऑफ द डेड’ही त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात आला. ओबॅनन यांनी रोमेरोंच्या गंभीर वाटेने न जाता त्या वाटेचीच थट्टा केली. लुईव्हिल शहरातील वैद्यकीय सामानाच्या गोदामात फ्रँक हा जुना नोकर फ्रेडी या नव्या पोराला ऐटीत सांगतो की, तो १९६८ चा चित्रपट खऱ्या घटनेवर बेतलेला होता आणि त्या घटनेतील प्रेते लष्कराच्या चुकीने याच गोदामाच्या तळघरात येऊन पडली आहेत. पिंप गळत तर नाही ना, असे पोराने विचारताच फ्रँक पिंपावर थाप मारतो आणि त्याच थापेने वायू सुटतो. त्यानंतर टाचणीने टोचलेली फुलपाखरे फडफडू लागतात, पशुवैद्यकीय अभ्यासासाठी उभा चिरून ठेवलेला अर्धा कुत्रा भुंकू लागतो आणि शीतगृहातले प्रेत दारावर धडका देऊ लागते. झोंबी मेंदू मागतात ही आज पोराटोरांनाही ठाऊक असलेली कल्पना याच चित्रपटाने रूढ केली.

गटातील ज्येष्ठांनी हा चित्रपट ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस पाहिला होता. शहापुरातील एका व्हिडिओ लायब्ररीतून कॅसेट आणायची, रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीच्या भाड्याने घ्यायचा आणि पैसे वसूल व्हावेत म्हणून पहाटेपर्यंत तीन-चार पिक्चर बघायचे, अशी तेव्हाची रीत होती. त्या रात्रींच्या यादीत हा चित्रपट ठरलेला असे. विद्यार्थ्यांना त्याचे नावही माहीत नव्हते. त्यांच्या दृष्टीने झोंबी आणि विनोद यांची सांगड म्हणजे २०१३ चा ‘गो गोवा गॉन’ आणि आदित्य सरपोतदार यांचा २०२२ चा ‘झोंबिवली’. या साऱ्याचे मूळ तुम्हाला दाखवतो, असे संयोजकांनी त्यांना सांगितले आणि प्रकरण सुरू झाले.

अडचण

वरवर पाहता प्रश्न इतकाच होता की, चाळीस वर्षांपूर्वीचा चित्रपट आणायचा कोठून. त्याच्या पोटात आणखी तीन प्रश्न होते, परंतु ते एकामागून एक उघडे पडले. चित्रपट कोणत्या प्रतीवरून पाहायचा, हा पहिला. तो कोठे पाहायचा, हा दुसरा. तिसरा प्रश्न प्रत्यक्ष पाहून झाल्यावरच उभा राहिला आणि त्यानेच गटाचे दोन तट पाडले: ज्येष्ठांना आठवत असलेला चित्रपट आणि पडद्यावर दिसलेला चित्रपट एकच आहे का?

व्हिडिओ लायब्ररीचे मालक आता थकले आहेत. दुकानाच्या जागी त्यांच्या मुलाचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. मात्र कॅसेटींची दोन खोकी त्यांनी माळ्यावर जपून ठेवली होती आणि हवी असलेली कॅसेट त्यांत निघाली. पाठीवरच्या कागदी पट्टीवर बॉलपेनने ‘रिटर्न – भुताची कॉमेडी’ असे मराठीत आणि खाली कन्नड आकड्यांत अनुक्रमांक लिहिलेला होता. काचेच्या खिडकीतून आत पाहिले, तर गुंडाळलेल्या टेपच्या कडेवर पांढुरकी बुरशी पसरलेली होती. बेळगावचा पावसाळा ज्यांनी काढला आहे, त्यांना त्याचे नवल वाटणार नाही. अशी टेप तशीच लावली तर बुरशी व्हीसीआरच्या हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर बसते, चित्र जाते आणि नंतर त्याच यंत्रात घातलेल्या चांगल्या कॅसेटींनाही तिची लागण होते. व्हीसीआर बनवणारी शेवटची जपानी कंपनी फुनाई हिने २०१६ मध्ये उत्पादन थांबवले, त्यामुळे यंत्र बिघडले तर नवे मिळण्याची सोय उरलेली नाही.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय टेप स्वच्छ करून तीच पाहण्याचा. लायब्ररीच्या मालकांचा आणि पेटीवादकांचा त्याकडे ओढा होता. ‘आम्ही जे पाहिले तेच पोरांना दाखवू,’ हा त्यांचा युक्तिवाद होता आणि तो वाटतो तितका भाबडा नव्हता. परंतु स्वच्छतेला लागणारा वेळ कोणालाच सांगता येत नव्हता. शिवाय टेप हीच मुळात कितव्या तरी नकलेची नक्कल होती. त्या काळी भाड्याच्या कॅसेटी बहुधा आखाती देशांतून येत आणि पुढे नकलांवर नकला निघत. या कॅसेटवरही चित्राच्या तळाशी परदेशातल्या एका इलेक्ट्रॉनिक्स दुकानाची जाहिरातपट्टी मधूनमधून सरकते.

दुसरा पर्याय जुन्या डीव्हीडीचा. ती स्वस्त पडली असती आणि अनेक डीव्हीडी प्लेअर सर्व विभागांच्या, म्हणजे जगाच्या कोणत्याही भागासाठी काढलेल्या तबकड्या चालवतात, त्यामुळे अडथळाही कमी होता. मात्र या चित्रपटाच्या बाबतीत तबकडी घेताना एक गोष्ट पाहावी लागते. त्याची निम्मी मजा पंक रॉक संगीतात आहे आणि काही आवृत्त्यांत ‘द डॅम्ड’ या बँडच्या मूळ गाण्याच्या जागी दुसरे संगीत घातलेले आहे. चित्रपटाचे हक्क आणि त्यातील गाण्यांचे हक्क वेगवेगळ्या हातांत असले की, घरगुती आवृत्तीसाठी पुन्हा परवानगी घ्यावी लागते. ती मिळाली नाही तर गाणे बदलले जाते. घेणाऱ्याला वेष्टनावरून याचा पत्ता लागतोच असे नाही.

तिसरा पर्याय ब्ल्यू-रेचा. चित्र उत्तम, इंग्रजी उपशीर्षके, एकाहून अधिक ध्वनिपट्टे. अडचण विभागाची होती. ब्ल्यू-रे तबकड्यांसाठी जगाचे ए, बी आणि सी असे तीन भाग केलेले आहेत. अमेरिका ए मध्ये, युरोप बी मध्ये आणि भारत सी मध्ये येतो. अमेरिकन तबकडी इथल्या घरगुती प्लेअरमध्ये घातली तर ती न चालण्याचीच शक्यता अधिक. फोर-के तबकड्यांना हे विभागाचे बंधन नसते, परंतु गटात कोणाकडेही फोर-के प्लेअर नव्हता. शेवटी एका विद्यार्थ्याच्या थोरल्या भावाने बेंगळुरूहून सर्व विभाग चालवणारा ब्ल्यू-रे प्लेअर काही दिवसांसाठी देण्याचे कबूल केले आणि पारडे तिकडे झुकले.

जागेचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटला. वाचनालयाचे सभागृह मिळत होते. निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी मात्र तबकडीच्या वेष्टनावरील मजकूर संयोजकांसमोर ठेवला: घरगुती खाजगी वापरापुरती परवानगी. सार्वजनिक प्रदर्शनाला हक्कधारकाची संमती लागते आणि १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार प्रमाणपत्रही लागते. ‘पैसे घेत नाही म्हणजे सार्वजनिक होत नाही’ हा समज त्यांनी सौम्यपणे पण ठामपणे खोडून काढला. त्यातच चित्रपटात उघडी-नागडी दृश्ये आणि भरपूर रक्तपात आहे आणि सभागृहाच्या मागच्या बाकांवर दहावी-बारावीची मुले अभ्यासाला बसलेली असतात. तेव्हा टिळकवाडीतील बँक अधिकाऱ्यांच्या घरी, ओळखीच्या प्रौढ माणसांपुरते बसायचे ठरले. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणात सर्वांत कमी चर्चेत घेतलेला हा निर्णय सर्वांत बरोबर होता.

पहिले दर्शन

पहिल्या दर्शनाची तयारी यंत्रापुरतीच झाली. तबकडी चालते का, आवाज येतो का, एवढे पाहिले गेले. कोणता ध्वनिपट्टा लावायचा हा प्रश्न कोणी काढला नाही. तबकडी सुरू केल्यावर आपोआप जो लागतो तोच लागला, म्हणजे अनेक स्पीकरांसाठी नव्याने मिसळलेला बहुवाहिनी आवाज. इंग्रजी उपशीर्षके मात्र शिक्षिकाबाईंच्या सांगण्यावरून सुरू ठेवली गेली.

विद्यार्थी सुरुवातीपासून रमले. ज्येष्ठ मंडळी हळूहळू गप्प होत गेली. शीतगृहातील प्रेताच्या डोक्यात कुदळ घालूनही ते मरत नाही आणि गोदामाचा मालक बर्ट चक्रावून जातो, कारण १९६८ च्या त्या चित्रपटात तर तसे केल्यावर झोंबी मरत होते. मग काय चित्रपटाने थाप मारली? या प्रसंगाला ज्येष्ठांना पूर्वी हसून हसून पोट दुखल्याचे आठवत होते. त्या संध्याकाळी विद्यार्थी मोठ्याने हसले आणि ज्येष्ठांनी एकमेकांकडे पाहिले. चित्रपट संपल्यावर निपाणीचे व्यापारी म्हणाले, ‘लांबवलाय हो सर. मधे कायतरी घातलंय बघा.’ पेटीवादकांचा आक्षेप गाण्यांवर होता: सगळी गाणी खाली बसल्यासारखी वाटतात. आणखी एक आक्षेप सर्वांनी मिळून घेतला. रुग्णवाहिकेतील कर्मचाऱ्यांना फस्त केल्यावर एक झोंबी गाडीतल्या वायरलेसवरून आणखी माणसे मागवतो, त्या प्रसंगातील सर्वांत गाजलेला संवाद कापला आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

संयोजकांनी वेष्टनावरील कालावधी वाचला: ९१ मिनिटे. लायब्ररीच्या मालकांच्या जुन्या वहीत या कॅसेटपुढे ८७ मिनिटे अशी नोंद होती, कारण कोऱ्या कॅसेटवर किती जागा उरते याचा हिशेब ते ठेवत असत. चार मिनिटे वाढली आहेत हे आता लेखी सिद्ध झाले, असे व्यापाऱ्यांनी जाहीर केले. एक जण तर म्हणाला की, ही दिग्दर्शकाने नंतर वाढवलेली आवृत्ती असणार.

निर्णयाचा कळीचा क्षण

येथे संयोजकांपुढे दोन वाटा होत्या. आठवण दगा देते असे म्हणून विषय मिटवता आला असता. बहुतेक गट तेच करतात आणि पुढच्या महिन्याचा चित्रपट ठरवतात. दुसरी वाट तपासणीची होती आणि तिच्यासाठी टेप चालवणे भाग होते. संयोजकांनी दुसरी वाट धरली. प्राध्यापकी हट्ट असे काहींनी त्याला म्हटले. माझे मत वेगळे आहे: तक्रार करणारी माणसे तीन वेगळ्या गोष्टी सांगत होती, आणि अशा तक्रारी सहसा निराधार नसतात.

टेपची स्वच्छता लायब्ररीच्या मालकांनी स्वतः केली. कॅसेटचे स्क्रू काढून वरचे झाकण उचलले, दोन्ही रिळे बाहेर घेतली, टेपच्या कडांवरची सुकलेली बुरशी मऊ कापडाने हलक्या हाताने पुसली आणि मग दुसऱ्या, स्वच्छ कवचात ती रिळे बसवली. हे सगळे घराबाहेर, व्हरांड्यात, नाकाला रुमाल बांधून केले, कारण ती धूळ श्वासात जाणे बरे नव्हे. टेप लावण्यापूर्वी एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवली, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. मध्येच दोनदा चित्र गेले. तेव्हा यंत्र उघडून हेडचे फिरते पिंप अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कागदाने, पिंप फिरवत पण कागद वरखाली न हलवता, पुसावे लागले. कागद उभा घासला की हेड तुटते, हे त्यांना जुन्या धंद्यामुळे माहीत होते. टेप चालली आणि चालता चालताच तिची संगणकात नक्कल करून घेतली गेली.

मग मोजणी झाली. गोदामाच्या एका प्रसंगापासून दुसऱ्या ठरावीक प्रसंगापर्यंतचा भाग विद्यार्थ्यांनी दोन्ही प्रतींवर मोजला. तबकडीवर ज्याला १० मिनिटे लागत होती, त्याला टेपवर ९ मिनिटे ३६ सेकंद लागली. मधले प्रत्येक दृश्य दोन्हींकडे होते. काही घातलेले नव्हते आणि काही काढलेले नव्हते.

उलगडा

चित्रपट सेकंदाला २४ चित्रचौकटी या गतीने चित्रित होतो आणि चित्रपटगृहात त्याच गतीने दाखवला जातो. भारतात आणि युरोपच्या मोठ्या भागात टीव्हीची जी पाल पद्धत होती, ती सेकंदाला २५ चौकटी दाखवते, कारण तिची रचना ५० हर्ट्झच्या विजेच्या हिशेबाने झालेली आहे. २४ चे २५ करायचे तर सर्वांत सोपा उपाय म्हणजे चित्रपट थोडा जलद पळवणे आणि पाल पद्धतीच्या कॅसेटींसाठी सर्रास तेच केले जाई. गती सुमारे चार टक्क्यांनी वाढते. ९१ मिनिटांचा चित्रपट ८७ मिनिटे आणि काही सेकंदांत संपतो. अमेरिकेतील एनटीएससी पद्धतीत वेगळी युक्ती वापरत, त्यामुळे तिथल्या प्रेक्षकांनी टेपवरही हा चित्रपट मूळ गतीने पाहिला. ब्ल्यू-रे २४ चौकटींची मूळ गती राखते. म्हणजे लांबवलेली प्रत असे काही नव्हतेच. बेळगावकरांनी पूर्वी पाहिलेलीच आखडलेली होती.

गती वाढली की आवाजही चढतो. हा चढ पेटीच्या एका पट्टीला थोडा कमी, म्हणजे साधारण पाऊण पट्टीचा असतो. पेटीवादकांनी टेपच्या नकलेतील एक गाणे आणि तबकडीवरचे तेच गाणे पेटीशी जुळवून पाहिले आणि नेमका तेवढाच फरक काढून दाखवला. कोणत्याही उपकरणाशिवाय, पहिल्याच ऐकण्यात, ‘खाली बसलंय’ असे त्यांनी म्हटले होते. ज्या मुलखात कुमार गंधर्वांसारखा गायक जन्मला, तिथे असे कान घरोघरी निघतात, असे बँक अधिकारी अभिमानाने म्हणाले. मला ती थोडी अतिशयोक्ती वाटते, पण त्या दिवशी प्रतिवाद करण्याची सोय नव्हती.

कापलेल्या संवादाचा उलगडा अधिक मजेशीर होता. टेपवरही तो नव्हता. मूळ चित्रपटात झोंबी आणखी कर्मचारी पाठवा, एवढेच कोरडेपणाने सांगतो. ज्येष्ठांच्या आठवणीत मात्र तो कन्नडमध्ये ‘ऊट मुगीतु, इन्न यरड कळसरी’ म्हणजे जेवण आटोपले, आणखी दोन पाठवा, असे म्हणत होता. शिक्षिकाबाईंनी साधा प्रश्न विचारला की, अमेरिकेतला झोंबी धारवाडी कन्नड कसा बोलेल? तेव्हा आठवले की, त्या रात्रींच्या बैठकीत कॅम्पातील इंग्रजी शाळेत शिकलेला एक मित्र सगळे संवाद मोठ्याने सांगत असे, निम्मे मराठीत आणि निम्मे कन्नडमध्ये. तो आता मडगावला असतो. फोन केल्यावर त्याने हसत कबूल केले की, इंग्रजी त्यालाही धड कळत नव्हते आणि बरेचसे तो मनचेच ठोकून देत असे. ज्येष्ठांनी ज्या चित्रपटावर इतकी वर्षे प्रेम केले, त्याचा एक सहलेखक मडगावात निवृत्तीचे जीवन जगत होता.

दुसरे दर्शन

दुसऱ्यांदा पाहताना तीन गोष्टी बदलल्या. तबकडीवरील मूळ एकवाहिनी (मोनो) ध्वनिपट्टा निवडला गेला. पाहताना कोणी बोलायचे नाही असे ठरले. आणि शेवटी, ज्यांना हवे त्यांच्यासाठी, दोन प्रसंग संगणकावर १.०४ पट गतीने दाखवायचे ठरले. या तिसऱ्या गोष्टीवर बराच वाद झाला. संयोजकांच्या मते दिग्दर्शकाने ठरवलेली गती सोडून चित्रपट दाखवणे चुकीचे होते. व्यापाऱ्यांच्या मते, या भागातल्या हजारो माणसांनी जो चित्रपट पाहिला, त्याची गती तीच होती आणि तोही इतिहासाचा भाग आहे. संयोजकांनी मान तुकवली, पण पूर्ण चित्रपट त्या गतीने दाखवायला नकार दिला.

या वेळी उपशीर्षकांनी आपले काम केले. शवागाराच्या टेबलावर बांधून ठेवलेल्या, कमरेखाली फक्त कणा उरलेल्या एका बाईच्या प्रेताला, तुम्ही मेंदू का खाता, असे विचारले जाते. मेल्याच्या वेदना होतात, स्वतःचे कुजणे जाणवते आणि मेंदू खाल्ल्याने त्या वेदना थांबतात, असे ती सांगते. टेपवर हा प्रसंग इतका काळपट होता आणि आवाज इतका घरघरीत, की ज्येष्ठांना त्यातले फक्त कण्याचे वळवळणे आठवत होते. आता ती काय म्हणते ते त्यांनी वाचले. त्यानंतर येणारे फ्रँकचे दृश्यही तसेच. वायूने हळूहळू मरत चाललेला फ्रँक स्वतःच दहनभट्टी पेटवतो, बोटातील लग्नाची अंगठी काढून तिचे चुंबन घेतो, ती भट्टीच्या दांड्याला अडकवतो आणि आत शिरतो. ही भूमिका करणारे जेम्स करेन यांनी तो शेवट स्वतः सुचवला होता. टेपवर अंगठी दिसतच नव्हती; दांड्याजवळ काहीतरी चमकते, इतकेच.

पहिल्या दर्शनातही हे सगळे पडद्यावर होतेच. तेव्हा ज्येष्ठ आपल्या आठवणीशी ताडून पाहण्यात गुंतले होते.

काय निष्पन्न झाले

‘काहीतरी घातले आहे’ हा आरोप मागे घेतला गेला. ‘चित्रपट पूर्वी जास्त विनोदी होता’ हे मत मात्र निम्म्या ज्येष्ठांनी सोडले नाही आणि माझ्या मते ते त्यांनी सोडायला नको. विनोदात चार टक्के लहान नसतात. प्रत्युत्तर किंचित आधी येते, किंकाळी किंचित वरच्या सुरात जाते आणि घाबरलेला माणूस व्यंगचित्रासारखा दिसू लागतो. जलद केलेल्या प्रसंगावर ज्येष्ठ लगेच हसले. विद्यार्थ्यांना तोच प्रसंग घाईघाईचा वाटला; मूळ गतीत फ्रँकच्या तोंडावरची भीती बसायला वेळ मिळतो आणि म्हणून पुढचा विनोद अधिक झोंबतो, असे एका विद्यार्थिनीचे निरीक्षण होते.

तरीही सगळा फरक गतीच्या माथी मारणे मला पटत नाही. पूर्वी हे प्रेक्षक फ्रेडीच्या वयाचे होते, आता फ्रँकच्या वयाचे आहेत. पूर्वी त्यांना निम्मे संवाद मडगावच्या मित्राकडून कळत, आता मूळ शब्द समोर येतात. गती, शब्द आणि वय यांतील कोणत्या गोष्टीचा किती वाटा, हे या प्रकरणातून वेगळे काढता येत नाही, कारण दुसऱ्या दर्शनात ध्वनिपट्टा, शांतता आणि तयारी या तिन्ही गोष्टी एकदम बदलल्या. पेटीवादकांचे समाधान मात्र पूर्ण झाले. गाणी खालच्या पट्टीतच बरी वाटतात, असे त्यांनी दुसऱ्या वेळी सांगितले. त्यांना तक्रार करायची होती ती फरकाची, दर्जाची नव्हे.

वेगळे काय करता आले असते

ध्वनिपट्ट्याची निवड पहिल्याच वेळी करायला हवी होती. ज्या चित्रपटात संगीत आणि आरडाओरडा हेच विनोदाचे निम्मे अंग आहे, त्याची तबकडी सुरू करून आपोआप लागेल तो आवाज ऐकणे हा आळस होता. तबकडी घेण्याआधी गाण्यांच्या बाबतीत जी चौकशी केली, तीच पाहण्याआधी आवाजाच्या बाबतीत केली असती, तर पहिल्या संध्याकाळचा निम्मा गोंधळ टळला असता.

१९६८ चा मूळ चित्रपट विद्यार्थ्यांना दाखवला गेला नाही, ही दुसरी उणीव. ओबॅनन यांचा पहिला आणि सर्वांत चांगला विनोद त्या चित्रपटाला खरी घटना मानण्यावर उभा आहे; तो न पाहिलेल्याला कुदळीच्या प्रसंगात फक्त धांदल दिसते. अमेरिकेत तो चित्रपट मुक्त झालेला आहे, कारण वितरकाने ऐनवेळी शीर्षक बदलताना हक्कसूचनेची ओळ गाळली आणि तेव्हाच्या तिथल्या कायद्यात ती नसणे म्हणजे हक्क गमावणे होते. भारतात चित्रपटाच्या हक्काची मुदत प्रकाशनानंतर ६० वर्षांची आहे, त्यामुळे तिथे मुक्त म्हणजे इथे आपोआप मुक्त असे धरून सभागृहात लावणे धोक्याचे ठरले असते. घरी, त्याच प्रौढ मंडळींसमोर, निदान सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटे दाखवायला मात्र हरकत नव्हती.

जलद गतीचे प्रसंग चर्चेच्या शेवटी दाखवल्यामुळे ते शोभेचे ठरले. ते आधी, कोणती प्रत आहे हे न सांगता दाखवले असते आणि प्रत्येकाचे मत चिठ्ठीवर घेतले असते, तर वयाचा आणि गतीचा प्रभाव थोडा तरी वेगळा काढता आला असता. हा उपाय अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनीच सुचवला, पण तोपर्यंत सर्वांना उत्तर ठाऊक झालेले होते आणि बेंगळुरूचा प्लेअर परत जायचा होता.

टेपची संगणकीय नक्कल लायब्ररीच्या मालकांकडेच ठेवण्यात आली आहे. ती कोणाला पाठवायची नाही असे ठरले आहे. मडगावच्या मित्राने मात्र ती एकदा पाहण्यासाठी बेळगावला येण्याचे कळवले आहे आणि त्या दिवशी पाहताना बोलायचे नाही हा नियम पाळायचा की नाही, यावर गटात अद्याप एकमत झालेले नाही.